‘वुल्फ वॉरियर 2’ एवढा का चालला? देशभक्तीने ओपनिंग दिलं, दुसरा आठवडा सिनेमाने कमावला

प्रश्न थोडक्यात असा आहे: वू जिंगने दिग्दर्शित केलेल्या आणि त्यानेच नायक रंगवलेल्या ‘वुल्फ वॉरियर 2’ या चिनी ॲक्शनपटाने 2017 मध्ये एकट्या चीनमध्ये 568 कोटी युआन कमावले, हा आकडा खरा मानायचा का? सरकारने लोकांना थिएटरात ढकललं, फुकट तिकिटं वाटली, म्हणून तो एवढा चालला का? आणि आपल्या निर्मात्यांनी त्यातून काय घ्यावं?

माझी बरीच वर्षं वितरण आणि प्रोग्रॅमिंगमध्ये गेली आहेत. म्हणजे कुठल्या सिनेमाला किती शो द्यायचे, सोमवारी त्यातले किती काढायचे, हे ठरवण्याचं काम. त्याच नजरेने उत्तर देतो. आकडा खरा मानावा असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारची मदत झाली, पण ती लोकांना वाटते त्या जागी झाली नाही.

आधी आकड्याचं माप. त्या वेळच्या दराने 568 कोटी युआन म्हणजे सुमारे साडेपाच हजार कोटी रुपये. तिकिटं विकली गेली जवळपास 16 कोटी, म्हणजे सरासरी तिकीट 35-36 युआनचं. याआधीचा चिनी विक्रम 2016 च्या ‘द मर्मेड’चा, 339 कोटी युआनचा होता. तो 12 दिवसांत मोडला. एकाच देशातल्या कमाईचा हिशोब केला तर त्या वेळी याच्या पुढे फक्त अमेरिकेतला ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’ होता. खर्च मात्र साधारण 20 कोटी युआनचा. पहिला भाग 2015 मध्ये आला होता आणि त्याने सुमारे 54-55 कोटी युआन केले होते. तोही हिटच होता. पण सीक्वेलने दहापट धंदा करावा, हे आमच्या लाइनमध्ये घडत नाही. चांगल्या सीक्वेलने दुप्पट केलं तरी आम्ही पेढे वाटतो.

आता सरकारी हाताबद्दल. चीनमध्ये आकडे फुगवले जायचे, हे खरं आहे. 2016 च्या सुरुवातीला ‘इप मॅन 3’ची तिकिटं वितरकाने स्वतःच विकत घेतल्याचं उघड झालं आणि त्याच्यावर कारवाई झाली. त्यानंतर 1 मार्च 2017 पासून लागू झालेल्या चित्रपट कायद्यात खोटे आकडे दाखवण्याला दंडाची तरतूद आली. संशय घेणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा संशय तपासून बघायची एक सोपी जागा आहे आणि नशिबाने ती त्याच आठवड्यात सापडते.

27 जुलै 2017 ला चीनमध्ये दोन मोठे देशभक्तिपर सिनेमे लागले. एक ‘वुल्फ वॉरियर 2’. दुसरा ‘द फाउंडिंग ऑफ ॲन आर्मी’. 1927 मध्ये चिनी लाल सेना कशी जन्मली, त्याची ही अधिकृत गोष्ट सेनेच्या 90 व्या वर्धापनदिनासाठीच बनवलेली होती. दिग्दर्शक हाँगकाँगचे नावाजलेले अँड्र्यू लाऊ. पडद्यावर तरुण पोरापोरींचे लाडके स्टार रांगेने उभे. सरकारला एखादा सिनेमा ढकलायचा असता तर तो हाच होता. त्याचा धंदा साधारण 40 कोटी युआनवर थांबला. क्रांतिकारक सेनापतींच्या भूमिकांत गोरेगोमटे आयडॉल घेतल्याबद्दल वादही झाला. जनरल ये थिंग यांचे नातू स्वतः दिग्दर्शक आहेत, त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. तारीख एक, निमित्त एक, देशही एकच, आणि धंद्यात चौदापटीचा फरक. सक्तीने किंवा फुकट वाटपाने 568 कोटी होत असते तर ते वाटप आधी या सिनेमाच्या वाट्याला आलं असतं.

दुसरा पुरावा मला याहूनही मोठा वाटतो. ‘वुल्फ वॉरियर 2’चा दुसरा वीकेंड पहिल्यापेक्षा मोठा होता. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाला हे वाक्य पुन्हा वाचावं लागतं. चांगल्या चाललेल्या सिनेमाचीही दुसऱ्या शनिवार-रविवारी चाळीस-पन्नास टक्के घसरण आम्ही गृहीत धरतो. तीस टक्के घसरला तर ‘होल्ड केला’ म्हणतो. वर जाणारे सिनेमे अगदी मोजके, आणि तेही बहुतेक छोट्या ओपनिंगचे. इथे ओपनिंगच प्रचंड होतं. चार दिवसांच्या आत 100 कोटी युआन झाले होते आणि त्याच्यावर आलेख आणखी चढला. पहिल्या शोला निमित्ताने, उत्सुकतेने, पोस्टर बघून माणूस येतो. दुसऱ्या शनिवारी तो येतो कारण ऑफिसात, कारखान्यात, घरी कुणीतरी त्याला ‘बघच’ म्हणून सांगितलेलं असतं. तिकिटांच्या ‘माओयान’ ॲपवर प्रेक्षकांनी त्याला 10 पैकी 9.7 दिले होते. चीनमध्ये तोवर बहुतांश तिकिटं मोबाइलवरच विकली जात होती, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तिकिटाच्या बटणाशेजारीच होता. चोखंदळ सिनेरसिकांच्या ‘दोउबान’वर मात्र तो सातच्या थोडासा वर राहिला. दोन्ही आकडे खरे आहेत. वेगवेगळ्या माणसांचे आहेत, एवढंच.

लोकांनी ‘बघच’ का म्हटलं असेल? इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक लेख या ठिकाणी ‘राष्ट्रवाद’ एवढाच शब्द लिहून पुढे जातात.

नायक लंग फंग. सिनेमा सुरू होतो तो आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात. चाचे जहाजावर चढतात, हा पाण्यात उडी घेतो आणि कित्येक मिनिटांची पाण्याखालची मारामारी एका सलग शॉटसारखी चालते. ती दृश्यं बघताना वू जिंगचा आधीचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवा. 1974 साली बीजिंगमध्ये जन्म, लहानपणापासून बीजिंगच्या वुशू (चिनी मार्शल आर्ट) संघात तालीम, ज्या संघातून जेट ली आला तोच संघ. मग हाँगकाँगच्या ॲक्शनपटांत दुय्यम भूमिका. 2005 च्या ‘एस.पी.एल.’मध्ये डॉनी येनबरोबरची त्याची गल्लीतली चाकू-दंडुक्याची झुंज या प्रकारातल्या रसिकांना पाठ आहे. तरीही तो स्टार झाला नव्हता. पहिल्या भागासाठी तो लष्कराच्या विशेष दलासोबत बराच काळ राहिला, घर गहाण टाकलं. सीक्वेलमध्ये मारामारीच्या रचनेसाठी त्याने हॉलिवूडचा सॅम हारग्रेव्ह आणला. हाच हारग्रेव्ह पुढे दिग्दर्शक झाला आणि त्याच्या ‘एक्स्ट्रॅक्शन’चं बरंच चित्रीकरण भारतात झालं. खलनायक अमेरिकन अभिनेता फ्रँक ग्रिलो, पार्श्वसंगीत जोसेफ लोडुका. चित्रीकरणाचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे पैसा कुठे गेला ते पडद्यावर दिसतं. त्या काळात चीनमध्ये बजेटचा मोठा हिस्सा आयडॉलच्या मानधनात जायचा आणि उरलेल्यात मारामारी भागवली जायची. वू जिंगने उलट केलं. प्रेक्षकाला चार मिनिटांत कळतं की इथे पैसे वसूल आहेत.

पण मारामारी हा अर्धा भाग झाला. पाण्याखालच्या त्या दृश्यानंतर कथा मागे जाते. लंग फंग आणि त्याचे साथीदार शहीद मित्राच्या अस्थी घेऊन त्याच्या घरी पोहोचतात, तर तिथे एका बिल्डरची माणसं घर पाडायला आलेली. पोलीस असताना गुंडांचा म्होरक्या शहिदाच्या घरच्यांना धमकावतो आणि लंग फंग त्याला लाथेने उडवतो. शिक्षा म्हणून त्याची लष्करातून हकालपट्टी होते, तुरुंगवास होतो. चीनच्या कुठल्याही मध्यम शहरात गेल्या पंचवीस वर्षांत घर पाडण्याच्या नोटिसा न पाहिलेलं कुटुंब सापडणं कठीण. आपल्याकडच्या चाळीत बिल्डरची माणसं चकरा मारू लागल्यावर जे वातावरण होतं, तेच समजा. लष्करी अभिमानाचा सिनेमा पहिल्या पंधरा मिनिटांत नायकाला वर्दीतून बाहेर काढतो, आणि तेही देशातल्याच एका अन्यायामुळे. सेन्सॉरमधून हे पास झालं याचं मला आजही आश्चर्य वाटतं, आणि सिनेमाची सगळी ताकद मला इथेच दिसते. पुढे तो जे करतो ते आदेशावरून करत नाही. बेनाम आफ्रिकन देशात बंड होतं, चिनी कारखान्यात आणि इस्पितळात माणसं अडकतात. नौदल किनाऱ्यावर आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीशिवाय ते आत शिरू शकत नाही. आत कुणी जायचं? ज्याच्या अंगावर वर्दी नाही त्याने. अधिकृत सिनेमात पक्ष आणि सेना जिंकतात, माणूस निमित्त असतो. इथे माणूस लढतो आणि जहाजावरचा सेनापती डोळ्यांत पाणी घेऊन परवानगीची वाट बघतो. परवानगी येते आणि क्षेपणास्त्रं सुटतात, तेव्हा प्रेक्षकाचा दाबून धरलेला श्वास सुटतो. ही मुख्य प्रवाहातल्या ॲक्शनपटाची जुनी, पक्की रचना आहे. तिच्यात देशभक्ती भरली, म्हणून ती भाषणासारखी ऐकू आली नाही.

आणि लोकांना ती गोष्ट ओळखीची होती. 2011 मध्ये लिबियातून चीनने 35 हजारांहून अधिक नागरिक बाहेर काढले. 2015 च्या वसंतात येमेनमधून नौदलाच्या जहाजांनी सुमारे सहाशे चिनी आणि काही परदेशी नागरिकांची सुटका केली. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. त्याच आठवड्यांत येमेनमधून भारताचं ‘ऑपरेशन राहत’ चालू होतं. आपण साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि 41 देशांचे सुमारे 960 नागरिक बाहेर काढले. 1990 च्या कुवेतवरचा ‘एअरलिफ्ट’ आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि चालला. परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाला संकटात कुणी न्यायला येईल का, ही भीती चिनी आणि मराठी घरात सारखीच आहे. सिनेमाच्या शेवटी चिनी पासपोर्ट दिसतो आणि त्यावर शब्द उमटतात, परदेशात संकट आलं तर धीर सोडू नका, तुमच्या पाठीशी बलवान मातृभूमी आहे. खऱ्या पासपोर्टवर असा मजकूर नाही. पण ते चित्र लोकांनी फोनमध्ये साठवलं आणि एकमेकांना पाठवलं. यापेक्षा मोठी जाहिरात कुठल्याही वितरकाला पैसे देऊन करता आली नसती.

आता सरकारने नेमकं काय दिलं ते सांगतो. कॅलेंडर दिलं. त्या काळी दर उन्हाळ्यात चीन काही आठवडे मोठ्या हॉलिवूडपटांना तारखा देत नसे. 2017 मध्ये 7 जुलैला ‘डेस्पिकेबल मी 3’ लागला, त्यानंतर 25 ऑगस्टच्या ‘व्हॅलेरियन’पर्यंत मैदान जवळपास मोकळं होतं. ‘डंकर्क’ला 1 सप्टेंबर, ‘स्पायडर-मॅन’ला 8 सप्टेंबर. शाळा-कॉलेजांना सुट्टी, बाहेर उकाडा, थिएटरात एसी, आणि समोर परदेशी स्पर्धक नाही. त्यातच वर्धापनदिनाचं वातावरण. सिनेमा 27 जुलैला रात्री 8 वाजून 1 मिनिटाने सुरू केला गेला, कारण सेनेचा दिवस 1 ऑगस्ट, आठव्या महिन्याची पहिली तारीख. पहिल्या रविवारी, 30 जुलैला, इनर मंगोलियातल्या झुरिहे इथे शी जिनपिंग यांनी लष्करी गणवेशात संचलनाची पाहणी केली आणि ते देशभर टीव्हीवर दिसलं. 1 ऑगस्टला जिबूतीमधला चीनचा पहिला परदेशी लष्करी तळ औपचारिकरीत्या सुरू झाला. हे सगळं एका आठवड्यात. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवेल: त्याच उन्हाळ्यात, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, डोकलाममध्ये भारत-चीन सैन्य समोरासमोर उभं होतं. त्या हवेचा तिकीट खिडकीवर किती परिणाम झाला ते मोजता येत नाही, पण ती हवा होती.

मोकळं मैदान मात्र सगळ्यांसाठीच मोकळं होतं. ‘फाउंडिंग’साठीही. थिएटरवाले आधीपासून भुकेले होते, हेही लक्षात घ्या. 2015 मध्ये चिनी बॉक्स ऑफिस जवळजवळ 49 टक्क्यांनी वाढलं आणि 2016 मध्ये चार टक्केही नाही. तिकीट ॲप्सनी दिलेल्या सवलती आटल्या, पण स्क्रीन मात्र वाढतच होत्या. 2016 च्या अखेरीस चीनने स्क्रीनच्या संख्येत अमेरिकेला मागे टाकलं आणि 2017 अखेर ती संख्या 50 हजारांवर गेली. नव्या स्क्रीन बहुतेक तिसऱ्या-चौथ्या स्तरातल्या शहरांत, जिथे प्रेक्षक तरुण, कामगार, पहिल्यांदाच मल्टिप्लेक्सला सरावणारा. 2017 च्या पहिल्या सहामाहीत या रिकाम्या खुर्च्या परदेशी सिनेमांनी भरल्या. ‘फास्ट अँड फ्युरियस’च्या आठव्या भागाने 267 कोटी युआन नेले आणि आपल्या ‘दंगल’ने सुमारे 130 कोटी. ‘दंगल’ 5 मे रोजी लागला आणि तोही तोंडी प्रसिद्धीवरच चढत गेला होता. म्हणजे प्रेक्षक तयार होता, स्क्रीन तयार होत्या, घरचा सिनेमा नव्हता. शिवाय चीनमध्ये वयोगटाचं प्रमाणपत्र नाही. एवढ्या हिंसेचा सिनेमा आपल्याकडे लहान मुलांसाठी बंद झाला असता. तिथे आजी-आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत बसले. 16 कोटी तिकिटं कुटुंबांशिवाय होत नाहीत.

धंद्याच्या माणसांसाठी खरी गोष्ट एमजीची. चीनमध्येही मिनिमम गॅरंटी चालते, अगदी मुंबईत आपल्या वितरकांच्या नाझ बिल्डिंगमध्ये चालायची तशी. बीजिंग कल्चर आणि आणखी एका वितरण कंपनीने मिळून 80 कोटी युआनच्या बॉक्स ऑफिसची हमी निर्मात्याला दिली होती. म्हणजे सिनेमा 30 कोटींवर पडला तरी निर्मात्याला 80 कोटींच्या हिशोबाचा वाटा मिळणार. पहिला भाग 55 कोटींच्या आत थांबलेला असताना हे धाडस होतं. तिथला हिशोब साधारण असा: 100 युआनच्या तिकिटातून 5 युआन सरकारी चित्रपट निधीला, 3.3 कर. उरलेल्या 91.7 पैकी 57 टक्के थिएटर आणि साखळीवाल्यांना, 43 टक्के निर्माता-वितरकांना. म्हणजे जेमतेम 39 युआन. 80 कोटींच्या पुढे धंदा गेला की हमी देणाऱ्याचा वाटा सुरू होतो. ज्याने हमी दिली तो झोपत नाही. तो गावोगावच्या थिएटर मॅनेजरला फोन करतो, सोमवारचे शो पडू देत नाही, मोठा पडदा दुसऱ्याला जाऊ देत नाही. इतक्या छोट्या शहरांत सिनेमा इतके दिवस टिकला, त्यामागे ही भूक आहे. मला वाटतं, सगळ्या विश्लेषणात या गोष्टीला सर्वांत कमी जागा मिळते.

सिनेमात दोष नाहीत असं माझं म्हणणं नाही. आफ्रिका इथे एक नकाशा नसलेला देश आहे. बंड, रोगराई, भुकेले लोक, आणि वाचवायला आलेला बाहेरचा वीर. हॉलिवूडने वर्षानुवर्षं जे केलं तेच, फक्त वीराचा देश बदललेला. कारखान्यातल्या दृश्यात हेलिकॉप्टरमध्ये फक्त चिनी माणसं घ्यायची का हा प्रश्न येतो आणि लंग फंग सगळ्या बायका-मुलांना आधी चढवतो, तिथे सिनेमा मनाने मोठा होतो. पण त्या बायका-मुलांना स्वतःचं म्हणून फारसं काही बोलू दिलेलं नाही. म्हणूनच कदाचित उत्तर अमेरिकेत त्याने जेमतेम 27 लाख डॉलर केले आणि जवळजवळ सगळी कमाई घरातूनच आली. पुढे आक्रमक चिनी मुत्सद्देगिरीला याच सिनेमाचं नाव चिकटलं, त्यामुळे बाहेरच्या जगात तो सिनेमा म्हणून बघितलाच जात नाही. ही खंत मला आहे, कारण मारामारीच्या रचनेसाठी तरी तो नीट बघायला हवा.

नंतरचं थोडक्यात. 2018 चा ‘ऑपरेशन रेड सी’ 365 कोटी युआन, 2021 चा कोरियन युद्धावरचा ‘द बॅटल ॲट लेक चांगजिन’ 577 कोटी, म्हणजे विक्रम मोडला तो पुन्हा वू जिंगच असलेल्या सिनेमाने. पण तोच विषय घेऊन 2023 मध्ये आलेला चेन काइगेंचा ‘द व्हॉलंटियर्स’ 100 कोटींच्या आत राहिला. आणि आज शिखरावर 2025 चा ‘न झा 2’ आहे, 1,500 कोटी युआनच्या वर. तो पुराणातल्या एका हट्टी पोराचा ॲनिमेशनपट आहे. झेंडा दाखवला की 500 कोटी, असं गणित चिनी बाजारात कधीच नव्हतं.

आपल्या निर्मात्यांनी काय घ्यावं? चीनएवढ्या स्क्रीन आपल्याकडे नाहीत, त्यामुळे आकड्यांची तुलना सोडा. मराठीत ‘सैराट’ने 2016 मध्ये दाखवलं की घरचाच प्रेक्षक, एकाच भाषेत, 100 कोटींचा धंदा देऊ शकतो. मला निर्मात्यांकडून तीन गोष्टी हव्या आहेत: पैसा पडद्यावर दिसावा, नायकाचं दुखणं प्रेक्षकाच्या गल्लीतलं असावं, आणि वितरकाने स्वतःचे पैसे अडकवलेले असावेत. तिसरी गोष्ट मराठीत सर्वांत दुर्मीळ आहे. कमिशनवर लावलेला सिनेमा सोमवारी कुणीच वाचवत नाही.

सिनेमा बघायचा असेल तर पहिला भाग बघितलाच पाहिजे असं नाही. लंग फंगने गळ्यात अडकवलेली बंदुकीची गोळी कुणाची, एवढं कळलं तरी पुरे: त्याच्या प्रेयसीला, लोंग श्याओयुनला, मारणाऱ्यांचा तो माग काढतोय. शक्य असेल तर मूळ मँडरिन आवाजात, सबटायटल लावून बघा. आणि श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका, तिच्या आत आणखी एक दृश्य आहे.